परतावा

“पदू, आम्हाला परतावा आलाय गं,” आक्का फोनवर म्हणाली. “मोबाईलवर मेसेज आलाय. बिल किती कमी हुईल बघ की जरा.”

मी पाणीपुरवठा विभागाच्या नव्या खोलीत पडद्यासमोर बसले होते. ही खोली पूर्वी ब्लीचिंग पावडर ठेवण्यासाठी होती. भिंतींना रंग दिला, एसी बसवला, दारावर ‘जल नियंत्रण कक्ष’ अशी पाटी लावली, पण वास काही गेला नव्हता. एसी संगणकासाठी होता, आमच्यासाठी नव्हे, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. समोरच्या पडद्यावर आमचं अख्खं दुधारगी गाव पसरलेलं असायचं. निळ्या रेघा म्हणजे पाइपलाइन आणि हिरवे ठिपके म्हणजे घरोघरचे मीटर.

हे मीटर नवे होते. आपापला आकडा आपणच हवेतून पाठवायचे, त्यामुळे मीटर वाचायला दारात माणूस जायचं कारण राहिलं नव्हतं. कुठे पाणी गळतंय, कुणी मोटर लावून ओढतंय, कुठल्या गल्लीला पाणी पोचलंच नाही, हे सगळं बसल्या जागी दिसणार होतं. बरंचसं दिसायचंही. अडचण फक्त भाषेची होती. कंपनी परराज्यातली, सगळा कारभार इंग्रजीतला. नगरपरिषदेने मराठी पाहिजे म्हणून हट्ट धरला, तेव्हा कंपनीने कुणाकडून तरी ती करून घेतली. पाणी तोडलेल्या ग्राहकाला तिथे ‘मृत ग्राहक’ म्हटलं होतं. तसा मेसेज गेल्यावर पेठेतले एक गृहस्थ आपण जिवंत असल्याचं सांगायला ऑफिसात येऊन बसले, चहा घेतल्याशिवाय उठेनात. आम्ही हसून हसून बेजार झालो होतो.

‘परतावा’ हा त्याच मराठीतला एक शब्द. अमुक घरी इतके लिटर परतावा, असा मेसेज अधूनमधून ग्राहकालाही जायचा आणि आम्हालाही यायचा. आमचे वसुलीचे कारकून नेजकर सरळ मनाचे. परतावा म्हणजे माणसाला काहीतरी परत द्यायचं, एवढा अर्थ त्यांना पुरला. ते तेवढं पाणी बिलातून वजा करत. लोक खूश होते. नगरपरिषदेकडून काही परत मिळतंय हेच मुळात एवढं नवलाचं होतं, की ते कशाबद्दल हे विचारायला कोण जातंय?

“दाजींनी पाणी विकायला काढलंय काय?” मी आक्काला चिडवलं.

ती हसली. गल्लीत आज पुष्कळांना मेसेज आलेत, पण सगळ्यांत मोठा आकडा आपलाच आहे आणि दाजी कट्ट्यावर उभे राहून सगळ्यांना तो वाचून दाखवतायत, असं तिने कौतुकाने सांगितलं. मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. तोपर्यंत मला काहीच वाटलं नव्हतं, हे खरं आहे.

आक्काचं घर मुलामा गल्लीत. दुधारगी हे पैंजणांचं गाव, आणि मुलामा गल्लीत तयार पैंजणांना, जोडव्यांना शेवटचा चांदीचा हात दिला जायचा. उतारावरची अरुंद गल्ली, दोन्हीकडे घरं, आणि निम्म्या घरांच्या मागे पत्र्याचं शेड. मी नकाशावर ती गल्ली मोठी करून पाहिली. एकेका ठिपक्यापाशी परतावा होता. कुठे बादलीभर, कुठे घागरभर. आक्काच्या घरापाशी मात्र भलताच आकडा. मग मी एक केलं, जे इतके महिने आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. मीटरचा सकाळचा आकडा आणि आत्ताचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

आत्ताचा आकडा लहान होता. मीटर मागे आला होता.

गल्लीच्या खाली, माळनाक्यावर, पाइप फुटला होता. आमचे लोक सकाळपासून तिथे खणत होते आणि दुरुस्तीसाठी पाइप कापून सगळी लाइन रिकामी केली होती. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो जेवत असावा. हिंदीत म्हणाला की मॅडम, पाइप रिकामा झाला की तो ओढून घेतो, मग घरातलं पाणी मीटरमधून उलटं पाइपात जातं, त्याचाच तो इशारा आहे. तुमच्या भाषेत काय लिहिलंय तिथं? मी म्हणाले, परतावा. तो म्हणाला, हां, तेच.

मला एकदम घाम फुटला. एसीच्या खोलीत.

कारण आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, आणि तेही त्याच्या मर्जीने यायचं. त्याची वाट बघत कोण बसणार? म्हणून नळाची तोटी उघडी ठेवायची, तिला नळी लावायची आणि नळीचं दुसरं टोक भरायच्या भांड्यात बुडवून ठेवायचं. पाणी येईल तेव्हा आपोआप भरेल. दुधारगीत सगळ्या घरी हीच रीत होती, आमच्या घरीही. बादलीत नळी, हौदात नळी. कुणाचं धुण्याचं पाणी, कुणाचं म्हशीपुढचं. आणि मुलामा गल्लीत आणखी एक भांडं असायचं. चांदीचा मुलामा चढवतात त्या पाण्यात सायनाईड असतं. त्याचं नाव गल्लीत कुणी घेत नसे. ‘औषध’ म्हणायचे सगळे.

मी आक्काला परत फोन लावला. “नळी कुठं हाय तुमची?”

“असंल की टाकीत.”

“कुठल्या टाकीत?”

“मुलाम्याच्या. त्यातलं पाणी कमी झालतं, म्हणून ह्यांनी सकाळी टाकून ठेवलीय. आता मगाशी बघते तर टाकी निम्मी. मला वाटलं फुटली का काय, पण खाली सगळं कोरडं.”

“औषध घातलं होतं?”

“कालच घातलंय.” मग तिलाही काहीतरी कळलं असावं. आवाज उतरला. “का गं?”

“आक्का, नळाचं पाणी घेऊ नको. गल्लीत कुणालाच घेऊ देऊ नको. टाकीतलं पाणी पाइपात गेलंय.”

“अगं पण पाणी आलंय की आत्ता. लगमाक्काच्या घागरी भराय लागल्यात.”

पाठीमागून दाजींचा आवाज आला, मग फोनच त्यांनी घेतला. माझे दाजी, सुकुमार, तसा लाखात एक माणूस. माझी फी त्यांनी भरलेली, मला ही नोकरी मिळावी म्हणून साहेबांकडे चार हेलपाटे घातलेले. मी सगळं सांगितलं. ते मनापासून हसले.

“मेव्हणीबाई,” ते म्हणाले, “नळातनं पाणी येतं. जात न्हाई.”

आणि फोन बंद केला.

खोतसाहेब आमचे अभियंते. मी धावत त्यांच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. चेहरा मात्र पांढरा पडला. दस्तगीरमामा पाणी सोडायचं काम करायचे, दुरुस्ती उरकताच त्यांनीच लाइन सुरू केली होती. साहेबांनी लगेच त्यांना फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. मामा मोटरसायकलवर असले की फोन खिशात किंचाळला तरी त्यांना ऐकू येत नसे. साहेबांनी दवाखान्यात कळवलं, भोंगा लावलेली रिक्षा पाठवायला सांगितली, आणि मला म्हणाले, “तू पुढं जा. घरचं माणूस हाय तुझं तिथं. तुझं ऐकतील.”

साहेब शहाणे होते, पण घरच्या माणसाचं कोण ऐकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी स्कूटी काढली. ऊन असं होतं की रस्ता पांढरा दिसत होता. गल्लीच्या तोंडाशी दस्तगीरमामा व्हॉल्व्हची मोठी चावी खांद्यावर टाकून निघायच्या बेतात होते. मी ओरडले, मामा, पाणी बंद करा. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, चावी खाली घातली आणि फिरवायला लागले. फिरवता फिरवता म्हणाले, “पोरी, मी वरचं बंद करतो. पण पाइपात जेवढं शिरलंय तेवढं येणारच बघ. उतार हाय.”

गल्लीत बायकांची झुंबड होती. पाणी यायची पाळी काल होती, पण पाइप फुटल्यामुळे चुकली होती, त्यामुळे घराघरांतले हंडे कोरडे पडले होते. प्रत्येक दारात घागरी, कळशा, पिंपं मांडलेली आणि नळ बारीक धारेने वाहत होते. मी गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडायला लागले की हे पाणी पिऊ नका, ह्यात विष आहे, मुलाम्याचं पाणी मिसळलंय. चार-दोन बायकांनी घाबरून घागरी बाजूला केल्या. बाकीच्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण तोटीखालची भांडी कुणी काढली नाहीत.

लगमाक्का आक्काची शेजारीण. वय झालेलं, पण गल्लीतला शेवटचा शब्द तिचाच. नळावर चौपदरी फडकं बांधून ती पाणी भरत होती. तिच्या घरी पाणी गाळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लागत नसे, जैनांच्या रीतीने, पाण्यातले बारीक जीव मरू नयेत म्हणून. ती शांतपणे म्हणाली, “आम्ही गाळून पितो बाई. तुझं काय असंल ते फडक्यात राहील.”

“लगमाक्का, विष फडक्यात राहत न्हाई.”

“कुणाच्या टाकीतलं म्हंतीस?”

माझी नजर आपोआप मागच्या कट्ट्याकडे गेली. सगळ्यांनी माझ्या नजरेमागे पाहिलं. दाजी कट्ट्यावर उभे होते, हात कमरेवर. आक्का त्यांच्या मागे उंबऱ्यात. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. नळी तिने कधीच काढून भिंतीकडेला फेकून दिली होती, मला दिसत होतं. नवऱ्याला सांगून बघितलं असणार, तेही दिसत होतं.

“माझ्या टाकीतलं म्हंतीया ती,” दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “माझी मेव्हणी. कम्पुटरवर बघून आलीया.”

काही जण हसले. मग दाजींनी मोबाईल काढून परताव्याचा मेसेज पुन्हा वाचला. हे बघा, नगरपालिकाच सांगतीय परतावा म्हणून, आता त्यांनाच द्यायचं जिवावर आलंय म्हणून ही नवी भानगड काढलीय, असं ते म्हणाले. मी परतावा म्हणजे काय ते समजावायला लागले. मीटर मागे कसा येतो, रिकामा पाइप कसा ओढून घेतो. बोलताना माझं मलाच कळत होतं की हे कुणाला पटायचं नाही. आणि पटणार नव्हतं ते माणसं अडाणी होती म्हणून नाही. निम्म्या घरांमागे तसलंच शेड होतं, परवाना कुणाकडेच नव्हता. माझं खरं मानलं तर उद्या अख्ख्या गल्लीला कुलूप. दाजींचं खरं मानलं तर तोटीखालची घागर भरत राहणार, आणि संध्याकाळी चूल पेटणार. गल्लीला दाजींवर विश्वास ठेवायचा होता.

भोंग्याची रिक्षा अजून कुठेच ऐकू येत नव्हती.

“एवढं कशाला?” दाजी म्हणाले. “मीच पितो.”

त्यांनी आतून फुलपात्र आणलं, कट्ट्याशेजारच्या आपल्या नळाखाली धरलं. धार बारीक होती, भरायला वेळ लागला. पाणी अगदी स्वच्छ होतं. इतकं नितळ पाणी त्या गल्लीला कधी येत नसे. दाजींनी ते सगळ्यांना दाखवलं.

ते पिणार होते. ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. तो माणूस खोटं बोलत नव्हता. नळातून पाणी जात नाही, यावर त्यांची श्रद्धा होती, आणि ती इतकी पक्की होती की तिच्यापुढे निम्मी झालेली टाकी त्यांना दिसतच नव्हती. एक फुलपात्र पिऊन धडधाकट माणूस लगेच पडला नसता. तो मिशी पुसून हसला असता, आणि त्या हसण्यावर गल्लीने घागरी घरात नेल्या असत्या. म्हाताऱ्यांनी पाणी प्यायलं असतं, लेकरांनी प्यायलं असतं. त्यांचा हात तोंडाकडे निघाला तेव्हा मला एवढं सगळं एकदम दिसलं. आणि जे तोंडाला आलं ते मी बोलले.

“दाजी, तुम्ही नका पिऊ. एवढी खात्री हाय तर आधी रेवूला पाजा.”

रेवू म्हणजे आक्काची एकुलती एक मुलगी, रेवती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, दवाखाने आणि देवस्थानं पालथी घालून झालेली. तेव्हा पहिलीत होती.

लगमाक्काचा घागरीवरचा हात थांबला. “अभद्र बोलू नगं गं पोरी,” ती म्हणाली. “भरल्या घरासमोर.”

मी बोलले ते हिशेबाने बोलले होते. दाजींचा जीव की प्राण होती ती पोर. तिला काटा रुतला तर हा माणूस हातातलं काम टाकून धावायचा. स्वतःच्या जिवाशी माणूस हट्टाने खेळेल, पण पोरीचं नाव आलं की हात आपोआप खाली येईल, फुलपात्र कट्ट्यावर ठेवलं जाईल, आणि ते गल्ली बघेल. एवढंच मला हवं होतं. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, पण त्याहून जास्त काहीतरी मोडल्याचं होतं. मी वाट बघत राहिले, आता ठेवतील, आता ठेवतील.

“रेवू,” दाजींनी हाक मारली. “हिकडं ये गं बाळा.”

ती पलीकडच्या कट्ट्यावर मुलींबरोबर खेळत होती. धावत आली. केस कपाळाला चिकटलेले, गाल उन्हाने लाल झालेले. बाबांनी बोलावलं, बाबांच्या हातात पाणी आहे, एवढंच तिला दिसलं. तहानलेली होती. तिने दोन्ही हात पुढे केले.

मी पुढे झाले, पण मध्ये गटार होतं आणि घागरींची रांग होती. माझा पाय एका कळशीला लागला, ती कलंडली. बायकांपैकी कुणीही हललं नाही. दाजी थोडे वाकले. फुलपात्र खाली आलं.

आक्का उंबऱ्यातून कधी निघाली ते मी पाहिलं नाही. तिचा हात मात्र पाहिला. उलट्या हाताने तिने ते फुलपात्र असं उडवलं की ते समोरच्या भिंतीवर आदळलं आणि वाजत वाजत गटारात गेलं. दाजींच्या सदऱ्यावर पाणी उडालं. आक्काने पदराने रेवूचं तोंड खसाखसा पुसलं. पुसत राहिली, पोर रडायला लागली तरी पुसत राहिली. मग तिला उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दाजी कट्ट्यावर तसेच वाकलेले राहिले.

पहिली घागर लगमाक्काने उपडी केली. मग शेजारच्या बाईने. मग एकेक करत सगळ्यांनीच. ती गल्ली पाण्याविना कोरडी पडलेली, आणि तिच्यातून पाणी वाहत खाली चाललं होतं. खाली नाक्यावर दस्तगीरमामा आपल्या माणसांना ओरडून दूर व्हायला सांगत होते. रिक्षा त्यानंतर आली. भोंग्यावरचा मुलगा घसा ताणून सांगत राहिला की पाणी पिऊ नका, आणि तोवर गल्लीत एकही भांडं भरलेलं उरलं नव्हतं.

आधीच घोटभर प्यायलेल्या काही जणांना उलट्या झाल्या, चक्कर आली. त्यांना दवाखान्यात नेलं, सगळे परत आले. लाइन पुन्हा पुन्हा धुतली, टँकर लावले. नळाच्या पाण्याचे नमुने तपासायला गेले होते. निकाल आला तेव्हा खोतसाहेबांनी मला बोलावून तो वाचून दाखवला. कागद टेबलावर ठेवून म्हणाले, मोठा माणूस कदाचित वाचला असता. लहान मूल नसतं वाचलं.

पडद्यावरचा शब्द बदलला. ‘उलटा प्रवाह’ असं लिहिलं आणि तो आला की आता खोलीत घंटा वाजते. नेजकरांनी दिलेल्या सवलती पुढच्या बिलांत चोख वसूल करून घेतल्या. दाजींच्या शेडला सील लागलं. ते दुसऱ्याच्या पेढीवर कामाला जायला लागले. भेटेल त्याला मात्र एकच सांगायचे, की मी थांबलोच होतो, मेव्हणीला दाखवायचं होतं फक्त, बाप हाय मी, पोरीला पाजीन का? लोक मान डोलवायचे. हळूहळू गल्लीने तेच खरं धरलं. माणसाला शेजारात राहायचं असतं.

आक्का माझ्याशी बोलायची थांबली. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मी असेन त्या दिवशी माहेरी यायचं म्हटलं की तिला काम निघायचं. एकदा दळणाच्या गिरणीत समोरासमोर आलो, तेव्हा म्हणाली, “तुझं बरोबर होतं, पदू. पण तू माझ्या लेकराचं नाव घेतलंस.” आणि पीठ घेऊन निघून गेली. मला ते लागलं, फार लागलं. तरी एक सांगते, पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलेन. गल्लीतली पोरं आज कॉलेजात जाताना दिसतात, तेव्हा मला माझं बोलणं अभद्र वाटत नाही.

रेवू दहावी झाली आणि कोल्हापूरला होस्टेलवर राहून शिकायचं ठरलं. त्या वर्षी अचानक आक्काचा फोन आला. सामान बांधायला ये म्हणाली, जणू काल भेटलो होतो. मी गेले. दाजी बाहेर रिक्षात ट्रंक चढवत होते. केस पांढरे झाले होते त्यांचे. मला बघून “या” म्हणाले, पूर्वीसारखं मेव्हणीबाई म्हणाले नाहीत. रेवू शेजारी लगमाक्काच्या सुनेचा निरोप घ्यायला गेली होती. आक्का आत कॉटवर कपड्यांच्या घड्या करत होती.

मी शेजारी बसून घड्या करायला लागले. मग तिने विचारलं, हातातल्या ओढणीवरची नजर न काढता.

“तू समोर होतीस. त्यांचा हात थांबला होता का गं, त्या वेळी?”

ह्या प्रश्नाची मी इतकी वर्षं वाट बघत होते. मी समोर होते आणि मी सगळं पाहिलं होतं.

“थांबला होता,” मी म्हणाले.

आक्काने ओढणी पुरती घडी घालून बॅगेत ठेवली. वरून हात फिरवला. “मी हात मारला, तवा माझ्या बोटांना तिचा ओठ लागला,” ती म्हणाली. “काठाला टेकला होता तो.”

मी हातातली घडी मांडीवर ठेवली.

“पोरीला आठवत न्हाई. पण कधी कुणाकडनं कानावर गेलं, तर तुला येऊन विचारंल. आत्ता बोललीस तसंच सांग तिला.” तिने चेन ओढून बॅग बंद केली. “म्हणून बोलावलं तुला.”

बाहेरून दाजींनी हाक मारली, उशीर होतोय म्हणून. आम्ही बॅग घेऊन दारात आलो. रेवू कट्ट्यावर सँडल चढवत होती, उंच झाली होती, आईपेक्षा उंच. दाजी प्रवासासाठी पाण्याची बाटली भरून घेऊन आले. पोरगी त्यांच्या हाताशी उभी होती, पण बाटली त्यांनी तिला दिली नाही, आक्कापुढे धरली. आक्काने टोपण काढलं, मान वर करून तोंडात एक घोट ओतला, गिळला, आणि क्षणभर तशीच उभी राहिली. रेवू रिक्षावाल्याशी काहीतरी बोलत होती. आईचा घोट होईपर्यंत तिने हात पुढे केला नाही. तिला ते नेहमीचंच होतं.